चहाडखोर गिअर: रिव्हर्स का पडत नाही?

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला. कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका बोळात ती गाडीसकट अडकली होती. बोळ पुढं बंद. समोर कुणाच्या तरी परसाची भिंत, मागं केळ्यांची हातगाडी आणि हातगाडीच्या मागं हॉर्न वाजवत उभे असलेले दोन मोटरसायकलवाले.

"दादा, रिव्हर्सच पडत नाहीये. पाच वेळा टाकून बघितला. नुसतं करकरतंय."

"बाकीचे गिअर?"

"पहिला पडतोय. पण तो टाकून काय भिंत फोडू?"

फोनमधूनच मागून एक आवाज आला, बहुतेक एखादा टेम्पोवाला. "ताई, आधी फस्ट टाका, मग रिव्हर्स टाका की. पडतोय बघा." तिनं तसं केलं. पडला नाही. पण करकर थोडी कमी झाली, असं म्हणाली.

मला जे कळायचं ते त्या 'थोडी कमी झाली'मधूनच कळलं. बिघाड रिव्हर्समध्ये नव्हता, इंजिनला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या क्लचमध्ये होता. रिव्हर्स नुसता त्याची चहाडी करत होता. बिचाऱ्याची ही खोडच आहे. त्यामुळं आपण चिडतो त्याच्यावर, आणि मूळ दुखणं भलतीकडंच असतं. ही खोड त्याला का लागली, हे एकदा कळलं की बाकीचं निदान बरंचसं आपल्या आपण होतं.

कापलेला गिअरबॉक्स

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. आमच्या वर्कशॉपमध्ये मधल्या टेबलावर एक कट सेक्शन आहे. एका जुन्या छोट्या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, आतलं दिसावं म्हणून एका बाजूनं कवच कापून काढलेला. नवी बॅच आली की पोरं आधी त्याचा दांडा हलवून बघतात. पहिला, दुसरा, तिसरा. दरवर्षी कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, चाकं तर जागची हललीच नाहीत!"

बरोबर आहे त्याचं. पुढं जायचे जे पाच गिअर आहेत, त्यांच्या दातेरी चाकांच्या जोड्या कायमच एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर, म्हणजे फिरत्या आसावर, मोकळं फिरत असतं, घट्ट बसवलेलं नसतं. आपण दांडा हलवतो तेव्हा सरकते ती दोन चाकांच्या मधली एक पोलादी बांगडी, जिला स्लीव्ह म्हणतात. ही बांगडी ज्या चाकाला जाऊन धरते, ते चाक शाफ्टला बांधलं जातं आणि तो गिअर 'पडतो'.

अडचण अशी की बांगडी आणि चाक यांचे वेग वेगळे असतात. तशीच जाऊन धरली तर दात झिजणार. म्हणून मध्ये एक पितळी कडं बसवलेलं असतं, सिंक्रो रिंग. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावलं तिच्याबरोबर पळतो आणि वेग जुळला की मगच पायरीवर पाय टाकतो. सिंक्रो रिंग तेच करते. आधी चाकाला घासून त्याचा वेग जुळवून घेते, मग बांगडीला वाट देते. अमेरिकेत कॅडिलॅकनं 1928 साली ही सोय गाड्यांमध्ये आणली. त्याआधी वेग जुळवायचं काम ड्रायव्हरच्या पायाकडं होतं. आपल्याकडचे जुने ट्रकवाले 'डबल क्लच' मारायचे ते याचसाठी.

मग मी पोरांना रिव्हर्स टाकायला सांगतो. इथं चित्र एकदम बदलतं. कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं एक छोटं चाक अख्खंच्या अख्खं सरकत येतं आणि दोन चाकांच्या मध्ये घुसतं. याला आयडलर म्हणतात.

हे तिसरं चाक कशाला, ते समजायला रसवंतीवर जा. चरकाच्या बाजूची दातेरी चाकं उघडी असतील तर नीट बघा. शेजारशेजारची दोन चाकं नेहमी एकमेकांच्या उलट फिरतात. तिसरं चाक लागलं की पहिलं आणि तिसरं एकाच दिशेनं फिरायला लागतात. गिअरबॉक्समध्येही तेच. पुढं जाताना दोन चाकं, मागं येताना मध्ये एक जास्तीचं. इंजिन काही उलटं फिरत नाही, ते आपल्या त्याच दिशेनं फिरत असतं. उलटं फिरवतं ते हे मधलं चाक.

आयडलर सरकून आत घुसायचं असतं म्हणून त्याचे दात सरळ कापलेले असतात. पुढच्या गिअरचे दात तिरके असतात. तिरके दात हळूहळू एकमेकांत शिरतात, म्हणून आवाज कमी करतात. सरळ दात एकदम आपटतात. गाडी मागं घेताना जो 'कुंईऽऽ' आवाज येतो तो या सरळ दातांचा. अनेकांना तो बिघाड वाटतो, माझ्या सासऱ्यांना तर अजून वाटतो. तसं काही नाही, तो त्याचा जन्मजात आवाज आहे.

आणि मुद्दा हा की या आयडलरला बहुतेक साध्या गाड्यांमध्ये सिंक्रो रिंग नसते. रिव्हर्स आपण गाडी उभी असतानाच टाकणार, मग वेग जुळवायची गरज काय, असा बनवणाऱ्यांचा हिशेब. जागा वाचते, वजन वाचतं, पैसेही वाचतात. काही नव्या गाड्यांत रिव्हर्सलाही सिंक्रो असते. त्यांना पुढचं सगळं थोडं कमी लागू पडेल. पण आपल्या रस्त्यावरच्या छोट्या गाड्यांना ते चांगलंच लागू पडतं.

आमच्या कट सेक्शनमधल्या आयडलरचे दात जवळून बघण्यासारखे आहेत. एका बाजूची टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी गोलटलेली, दुसऱ्या बाजूची अगदी नवीकोरी. ज्या बाजूनं तो आत घुसतो त्याच बाजूनं त्यानं आयुष्यभर मार खाल्ला. त्या गाडीच्या मालकाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्याला फार घाई असायची हे त्या दातांवरून सांगता येतं.

करकर आणि ठप्प

रिव्हर्स पडत नाही असं कुणी म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो, आवाज येतो की येत नाही? कारण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आधी आवाजाची. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 800 फेरे घेतंय. क्लचवर पाय नाही, म्हणून क्लच प्लेटही तितक्याच वेगानं फिरतेय आणि तिच्याबरोबर गिअरबॉक्समध्ये जाणारा शाफ्टही. गाडीची चाकं मात्र थांबलेली. आता क्लच दाबला की प्लेट इंजिनपासून सुटते. पण सुटली म्हणून लगेच थांबत नाही. पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती जशी थोडा वेळ फिरत राहतात, तशी तीही फिरत राहते, आणि गिअर ऑइलच्या ओढीनं सेकंद-दोन सेकंदांत थांबते. तेवढ्यात घाई करून रिव्हर्स टाकला तर फिरतं चाक थांबलेल्या चाकावर घासतं. ती करकर.

म्हणून क्लच दाबून मनात दोन-तीन आकडे मोजा, मग टाका. किंवा त्या टेम्पोवाल्याची युक्ती करा, आधी पहिला आणि मग रिव्हर्स. पहिल्या गिअरला सिंक्रो रिंग असते. ती शाफ्टचा वेग गाडीच्या चाकांशी जुळवते, आणि चाकं उभी असल्यामुळं शाफ्टही उभा राहतो. लगेच रिव्हर्स टाकला की तो निमूट पडतो. म्हणजे पहिल्या गिअरचा उपयोग आपण शाफ्टला ब्रेक लावण्यापुरता केला. टेम्पोवाल्याच्या डोक्याला हे कारण माहीत असो वा नसो, हाताला माहीत होतं.

दुसरी तक्रार ठप्पची. आवाज काहीच नाही, दांडा मध्येच भिंतीला टेकल्यासारखा अडतो. घरातल्या दोन फण्या घ्या आणि दात समोरासमोर धरून एकीत दुसरी घुसवा. कधी सरळ आत जातात. कधी दातावर दात येतो आणि तुम्ही कितीही रेटा, जात नाहीत. अर्ध्या दाताएवढी एक फणी बाजूला सरकवा, लगेच गेल्या. रिव्हर्सचं हेच होतं. शाफ्ट थांबताना दातासमोर दात येऊन थांबला. अशा वेळी जोर लावायचा नाही. न्यूट्रलमध्ये क्लच एकदा पूर्ण सोडायचा, पुन्हा दाबायचा. शाफ्ट थोडा फिरून दुसऱ्या जागी थांबतो आणि रिव्हर्स पडतो. नाहीतर गाडी वीतभर पुढंमागं होऊ द्यायची. हे अधूनमधून होत असेल तर त्याला बिघाड म्हणू नका आणि गॅरेजलाही जाऊ नका.

काळजी करायची ती वेगळ्या वेळी. क्लच तळापर्यंत दाबलाय, पाच-सहा सेकंद थांबलोय, आधी पहिला टाकून झालाय, तरी करकर आहेच. याचा अर्थ शाफ्ट थांबतच नाहीये. क्लच दाबूनही प्लेट इंजिनला कुठंतरी थोडी चिकटून आहे, आणि इंजिन तिला फिरवत राहिलंय. पहिल्याची सिंक्रो रिंग शाफ्टला थांबवते, पण दांडा पहिल्यातून निघून रिव्हर्सपर्यंत जाईतो तो पुन्हा फिरायला लागतो. वेग तेवढा घेत नाही, म्हणून करकर कमी होते, थांबत नाही. बहिणीच्या गाडीत हेच चाललं होतं.

मग पुढचे गिअर कसे पडत होते? ते भिडस्त असतात. क्लच अर्धवट सुटला तरी त्यांच्या सिंक्रो रिंगा स्वतः झिजून वेग जुळवून घेतात. आपल्याला फार तर दांडा जरा जड वाटतो, तोही सवयीनं वाटेनासा होतो. रिव्हर्सकडं झाकपाक करायला रिंगच नाही. म्हणून क्लचचं दुखणं सुरू झालं की सगळ्यात आधी बोंब मारतो तो रिव्हर्स.

इंजिन बंद करून बघा

खात्री करायला एकही पाना लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. क्लच दाबून सगळे गिअर एकेक टाकून बघा. इंजिन बंद असताना रिव्हर्स सहज पडतो आणि चालू असताना करकरतो, तर गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच सुटत नाहीये. इंजिन बंद असतानाही पडत नाही, तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या रस्त्यात किंवा गिअरबॉक्सच्या आत काहीतरी आहे. माझ्या मते या एका चाचणीइतकं मोलाचं दुसरं काही नाही, आणि गंमत म्हणजे गॅरेजला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती करून पाहिलेली असते.

बहिणीला फोनवर तेच सांगितलं. "इंजिन बंद कर. क्लच दाबून आता टाक."

"गेला! आवाजसुद्धा नाही आला. मग चालू करू आता?"

"थांब, थांब! आधी न्यूट्रल कर."

इथं चूक झाली असती. क्लच सुटत नसताना गाडी रिव्हर्समध्ये ठेवून स्टार्टर मारला की क्लच दाबलेला असूनही गाडी झटक्यात मागं जाते, आणि मागं केळी होती. हीच गोष्ट मोकळ्या मैदानात चाचणी म्हणून करता येते. मागंपुढं पाच-सहा मीटर कुणी नाही, पाय ब्रेकवर घट्ट, क्लच तळाला, गिअरमध्ये स्टार्टर. गाडी हिसका देते की नाही बघायचं. दिला, तर क्लच चिकटतोय यात शंका नाही. पण बोळात, पार्किंगमध्ये, पोरं खेळत असताना हे करायचं नाही.

मग तिला म्हटलं, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू कर आणि क्लच भराभर सहा-सात वेळा दाब. शेवटचा दाबून तसाच धर, पहिला टाक, लगेच रिव्हर्स. पडला. तिनं गाडी बोळाबाहेर काढली. केळीवाल्यानं गाडा बाजूला घेतला म्हणून त्याच्याकडून दोन डझन केळी घेतली, असं सांगायला तिनं दहा मिनिटांनी फोन केला.

क्लच भराभर मारल्यावर रिव्हर्स का पडला, यात बिघाडाचं उरलेलं निदान होतं.

पायापासून प्लेटपर्यंत

पायाचा दाब क्लचपर्यंत दोन रीतींनी जातो. अनेक छोट्या गाड्यांत तारेनं, म्हणजे क्लच केबलनं. इतरांत द्रवानं. पॅडलजवळ मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मध्ये नळी, आणि नळीत ब्रेक ऑइल. होय, क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं, आणि बऱ्याच गाड्यांत दोघांचं भांडं एकच असतं. त्या भांड्यात क्लचच्या नळीचं तोंड वरच्या बाजूला ठेवलेलं असतं, म्हणजे क्लचची नळी गळली तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली शिल्लक राहावं. त्यामुळं भांड्यातली पातळी उतरली की आधी तक्रार क्लच करतो, आणि क्लचची तक्रार करतो रिव्हर्स.

नळीत हवा शिरली किंवा सील गळायला लागलं की पाय पूर्ण खाली जातो, पण पलीकडं दाब पूर्ण पोचत नाही. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पॅडल स्पंजासारखं मऊ लागतं. भराभर मारल्यावर थोडा दाब साठतो, तेवढ्यापुरता क्लच सुटतो. म्हणून क्लच मारून मारून गिअर पडायला लागला की तार-बीर विसरा, ऑइलचा मामला आहे. बॉनेट उघडून भांड्यातली पातळी बघा. पॅडलच्या वरच्या अंगाला, जिथं त्याची दांडी भिंतीत जाते, तिथं बोट फिरवून ओल आहे का बघा. पायपोसावर तेलकट डाग आहे का बघा. मग गाडीखाली, गिअरबॉक्सपाशी. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवतीच बसवलेला असतो. तो गळला तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग जातो, एवढं लक्षात ठेवून हात पुसा.

केबलच्या गाडीत तार ताणली जाते किंवा तिचे पदर सुटायला लागतात. पॅडल वरून बरंच खाली येईपर्यंत नुसतं रिकामं जातं. एका टोकाला नट असतो, तो फिरवून हा ढिलेपणा काढता येतो. किती ठेवायचा ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दिलेलं असतं. ढिलेपणा शून्य करू नका, नाहीतर क्लच कायम थोडा दाबलेला राहील आणि प्लेट जळेल. आणि तारेचे पदर सुटलेले दिसले तर नट पिळत बसू नका, तारच बदला. ती तुटायची तेव्हा घाटातच तुटते.

आणि मग पायपुसणं. हसू नका. शोरूमच्या मॅटवर आणखी एक जाड रबरी मॅट, तिच्यावर पावसाळ्यात वर्तमानपत्राचे दोन थर, आणि पॅडल तळाच्या दोन बोटं आधीच थांबतं. मागं एका गॅरेजनं आमच्या शेजाऱ्यांना क्लचचं अख्खं काम सांगितलं होतं. माझ्याकडं आले, मी मॅट काढून मागच्या सीटवर टाकली. रिव्हर्स पडला. त्यांना आनंद झाला की राग आला, ते मला अजून कळलेलं नाही.

पावसाळ्यातलं एक खास दुखणं सांगायला हवं. गाडी महिना-दोन महिने उघड्यावर, दमट हवेत उभी राहिली की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चाकाला, चिकटते. कोकणात पावसाळाभर बंद ठेवलेल्या गाड्यांना हे होतं. 2020च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागलं आणि गाड्या जागच्या जागी राहिल्या, त्यानंतरही हे ऐकू यायचं. यात इंजिन चालू असताना एकही गिअर पडत नाही, आणि पॅडल मात्र अगदी नेहमीसारखं लागतं. सोडवायच्या युक्त्या आहेत, पण त्यात गाडी अचानक सुटून पळते. ते काम ज्याला सवय आहे त्याच्यावर सोपवा. टाळायचं असेल तर आठवड्यातून एकदा गाडी नुसती चालू न करता थोडी चालवून आणा.

इंजिन बंद असूनही पडत नसेल तर

आता दुसरी शाखा. इथंही आधी सोप्या गोष्टी. पुढं जाताना चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून प्रत्येक गाडीत काहीतरी अटकाव असतो. फोक्सवॅगन, स्कोडात दांडा खाली दाबून डावीकडं पुढं न्यावा लागतो. बऱ्याच गाड्यांत दांड्याच्या मानेवरची कडी वर उचलावी लागते. काहींत रिव्हर्स पाचव्याच्या खाली असतो, आणि पाचव्यातून सरळ खाली ओढला तर जात नाही, आधी न्यूट्रलमध्ये मध्यावर यावं लागतं. कुणाकडून मागून घेतलेली किंवा भाड्यानं घेतलेली गाडी असेल तर आधी हे विचारून घ्या. कडीची बारीक तार आत तुटली, किंवा दांड्यावर चढवलेलं फॅन्सी रेक्झिनचं कव्हर कडीत अडकलं, की कडी उचलल्यासारखी वाटते पण उचलली जात नाही. गिअर लॉक बसवला असेल तर तोही तपासा. हे लॉक बहुतेक वेळा गाडी रिव्हर्समध्ये ठेवून लावतात, म्हणून त्याची दांडी अर्धवट राहिली की आडवी येते ती नेमकी रिव्हर्सच्या वाटेत.

त्यानंतर दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जोडणी. आजकाल बहुधा दोन केबल, जुन्यांत सळया. त्यांच्या टोकांना प्लास्टिकचे किंवा रबरी बुश, म्हणजे छोटी कडी, असतात. हे झिजले की दांडा कढईतल्या चमच्यासारखा खुळखुळायला लागतो. रिव्हर्सची जागा दांड्याच्या वाटेत अगदी कडेला असते. बुशमध्ये चार मिलिमीटर वाया गेले तर मधले तिसरा-चौथा गिअर आरामात पडतात, कडेचा रिव्हर्स पोचत नाही. म्हणून रिव्हर्सच्या शेजारचा गिअरही कुरकुरतोय का ते बघा. दोघंही एकाच बाजूचे आणि दोघंही नाराज, तर संशय जोडणीवर.

बघायला दोन माणसं लागतात. इंजिन बंद करून एकानं आत बसून दांडा हलवायचा, दुसऱ्यानं बॉनेट उघडून केबल जिथं गिअरबॉक्सला मिळते तिथं नजर ठेवायची. आतल्यानं दांडा शेवटपर्यंत नेला आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हर त्याच्या मागून, लाजत लाजत, अर्धवटच हलला, तर चोर सापडला. कधी टोकाची क्लिप निघून केबल नुसती लोंबत असते. इंजिनला जागेवर धरून ठेवणारा माउंट तुटला असेल तर अख्खं इंजिन कलंडून सळयांचा नेम चुकतो. मग गिअर टाकताना किंवा गाडी सुरू करताना धाडकन आवाजही येतो.

रिव्हर्सचा मागचा पांढरा दिवाही साक्ष देतो. त्याचं बटण गिअरबॉक्सवर असतं. संध्याकाळी भिंतीकडं पाठ करून गाडी लावा आणि रिव्हर्स टाका. दांडा रिव्हर्सच्या जागी गेलाय पण भिंतीवर उजेड पडत नाही, आणि दिवा शाबूत आहे, तर दांडा वरच पोचलाय, आत काही सरकलेलं नाही. उजेड पडला आणि गाडी हलत नाही, तर दुखणं आणखी आत आहे.

आतलं दुखणं म्हणजे आयडलरचे दात तुटणं, त्याला सरकवणारा फोर्क वाकणं, शाफ्ट अडकणं. इथं घरच्या माणसानं करण्यासारखं फार नाही. गिअर ऑइल मात्र बघून घ्यावं. छोट्या गाडीत ते साधारण 2 लिटरच्या आसपास असतं आणि लोक ते बदलायचं असतं हेच विसरतात. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक चमचमती भुकटी असणं वयोमानानुसार चालतं. नखाएवढे तुकडे निघाले तर ते कुठल्यातरी दाताचे आहेत. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. डब्यावर जीएल-5 आहे म्हणजे जीएल-4 पेक्षा भारी, असं समजून भरणारे असतात. त्यातल्या काही रसायनांनी सिंक्रोचं पितळ खाल्लं जाऊ शकतं.

हे दात तुटतात ते एकाच सवयीनं. गाडी पुढं घरंगळत असतानाच रिव्हर्स टाकायचा. वळण घेताना, पार्किंगला लावताना, घाईत. गाडी पूर्ण थांबू द्या. आमच्या कट सेक्शनमधले ते कुरतडलेले दात मी पोरांना बोटानं चाचपायला लावतो. सांगण्यापेक्षा ते लक्षात राहतं.

अडकलातच तर आणि गॅरेजला जाताना

भिंतीकडं तोंड करून अडकलात आणि काही केल्या रिव्हर्स पडेना, तर न्यूट्रल करा आणि दोघा-तिघांना गाडी मागं ढकलायला सांगा. एकानं आत बसायलाच हवं. इंजिन चालू होत असेल तर न्यूट्रलमध्ये चालूच ठेवा, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग हलकं राहील. बंद गाडीत दोन-तीनदा ब्रेक दाबला की तो दगडासारखा होतो. किल्लीही काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. उतारावर मात्र हा खटाटोप नको. चाकाला दगड लावा आणि मदत येईपर्यंत थांबा. दुरुस्त होईपर्यंत गाडी अशी लावा की निघताना पुढंच जाता येईल.

मेकॅनिकला नुसतं "रिव्हर्स पडत नाही" म्हणू नका. इंजिन बंद असताना पडतो का, करकरतो की ठप्प होतो, क्लच मारून पडतो का, गाडी तापल्यावर वाढतं का, ही चार वाक्यं सांगा. ऐकणारा जाणता असेल तर तिथंच निम्मं काम होतं. आणि एवढं ऐकूनही गाडीला हात न लावता कुणी "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" म्हणालं, तर चहा पिऊन उठा.

बहिणीला मी हीच चार वाक्यं लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या मेकॅनिकनं गाडीखाली जाऊन बाहेरच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट उचकटलं, तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं. भांड्यातली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. स्लेव्ह बदलला, हवा काढली, नवं ऑइल भरलं. दुपारच्या आत गाडी मिळाली, गिअरबॉक्स जागचा हललाही नाही.

तिला एकच जास्तीचं काम सांगितलं होतं. भांड्यावर ऑइल जिथवर आहे तिथं मार्करनं बारीक रेघ मार आणि पंधरा दिवसांनी बघ. कारण एक सील गेलं की दुसरं जुनं सीलही वाटेवरच असतं. गणपतीत तिनं फोटो पाठवला. ऑइल रेघेवरच होतं.